नीटच्या तयारीचा ताळेबंद मांडा : हिवरे बाजारच्या पालक-विद्यार्थ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, अहिल्यानगर
मा. आयुक्त, वैद्यकीय शिक्षण, मुंबई

विषय : ग्रामीण विद्यार्थ्यांच्या नीट परीक्षेच्या तयारीबाबत

महोदय,

हे पत्र लिहिणारे आम्ही हिवरे बाजार (ता. नगर) आणि शेजारच्या वस्त्यांवरचे पालक, आणि आमची नीट देणारी मुले. काही मुले पहिल्यांदा बसणार आहेत, काही ‘ड्रॉप’ घेऊन दुसऱ्यांदा, एक मुलगी तिसऱ्यांदा. परीक्षा सोपी करा, असे आम्ही म्हणत नाही. कच्चा डॉक्टर नको, हे दवाखान्याच्या ओट्यावर नंबरची वाट पाहत बसलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. आमचे म्हणणे परीक्षेबद्दल कमी आणि तिच्या तयारीबद्दल जास्त आहे.

आधी आकडे. ४ मे २०२५ रोजी झालेल्या नीटला देशभरातून २२ लाखांवर मुले बसली. त्यांतली १२ लाख ३६ हजार ‘पात्र’ ठरली. एमबीबीएसच्या जागा मात्र सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या आसपास, आणि परवडणाऱ्या फीच्या सरकारी जागा त्यांच्या साधारण निम्म्या. हा ‘पात्र’ शब्द फार फसवा आहे. निकालाच्या दिवशी घरात पेढे येतात, पाहुण्यांचे फोन येतात, आणि महिन्याभराने कटऑफची यादी लागली की पेढे वाटलेल्या घरांत जाऊन खुलासा करावा लागतो. आमच्यातल्या दोन घरांनी हे सोसले आहे.

पेपर ७२० गुणांचा. १८० प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्याला एक वजा. आधीची काही वर्षे थोडे प्रश्न पर्यायी होते, वेळही वीस मिनिटे जास्त होता. २०२५ला दोन्ही सवलती गेल्या आणि एका प्रश्नाला एक मिनिट उरले. त्याच वर्षी भौतिकशास्त्राचा भाग असा आला की पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यालाही ६८६ गुण मिळाले. आदल्या वर्षी, २०२४ला, सुरुवातीच्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. मग वाढीव गुणांचा घोळ निघाला, १,५६३ मुलांना फेरपरीक्षेचा पर्याय द्यावा लागला, पेपरफुटीच्या तपासात लातुरातही अटका झाल्या, आणि २३ जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण परीक्षा रद्द करायला नकार दिला. शहरातल्या मोठ्या क्लासमधला मुलगा असे चढउतार पचवतो. दर पंधरवड्याला नव्या धाटणीचे पेपर त्याच्या पुढ्यात येतात. आमची मुले मागच्या दहा वर्षांचे पेपर सोडवून जातात. पेपरची चाल बदलली की सगळ्यात आधी तीच उघडी पडतात.

आता थोडे गावाबद्दल, कारण आमच्या मागण्या तिथूनच आल्या आहेत. १९७२च्या दुष्काळानंतर या गावातून माणसे मजुरीला बाहेर पडली. १९८९पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी झाली, डोंगरावर चर खोदले गेले, हे राज्याला माहीत आहे. पण पाहुण्यांना दाखवताना एक गोष्ट मागे पडते : इथे पाणी नुसते अडवले नाही, ते मोजले. पावसाळा सरला की किती पाऊस झाला, विहिरींना किती पाणी आहे याचा हिशेब होतो आणि ग्रामसभेत ताळेबंद मांडला जातो. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे, उरेल त्यावर पिके. ऊस-केळी नाही. आणि शेतीसाठी बोअर नाही. ज्याच्याकडे पैसा तो पाचशे फूट जाणार, आणि त्याच्या शेजाऱ्याची विहीर आटणार, हे नगर जिल्ह्यात गावोगाव दिसते. म्हणून ही बंदी.

नीटमध्ये सध्या बोअरचाच कारभार आहे. ज्याची फी भरायची ताकद जास्त, तो खोल जातो. ज्याची नाही, त्याला ‘तुझी मेहनत कमी पडली’ असे सांगितले जाते.

या पार्श्वभूमीवर आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. ज्या दिल्लीच्या हातात असतील, त्या आपण आपल्या शिफारशीसह पुढे पाठवाव्यात.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी ताळेबंदाची. नगर तालुक्यातल्या विज्ञान शाखेच्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची मंजूर पदे किती, भरलेली किती, तासिका तत्त्वावर किती, आणि गेल्या वर्षी अकरावी-बारावीला या विषयाचे प्रत्यक्ष किती तास झाले, हा तक्ता दरवर्षी जूनमध्ये जाहीर करावा. आम्ही भौतिकशास्त्रच का धरले? जीवशास्त्राला ३६० गुण आहेत आणि एनसीईआरटीचे पुस्तक पाठ करून आमची मुले त्यात चांगली निघतात. रसायनशास्त्र ओढूनताणून जमते. भौतिकशास्त्राच्या १८० गुणांपाशी गाडा अडतो, कारण तो विषय एकट्याने वाचून येत नाही. न्यूमरिकल कुठे चुकले हे दाखवणारे माणूस समोर लागते. ‘टाय-अप’च्या नावाखाली हजेरी महाविद्यालयात आणि मुलगा क्लासात, असा प्रकार सर्रास चालतो हे आपल्यालाही ठाऊक आहे. क्लासची फी भरू न शकणारी मुले त्या रिकाम्या वर्गात बसतात. ती चार-पाचच असतात म्हणून तास होत नाहीत, आणि तास होत नाहीत म्हणून पुढच्या वर्षी तीही उरत नाहीत.

ज्या महाविद्यालयात तास भरत नाहीत, तिथली मुले आठवड्यातून दोन दिवस एका ठिकाणी आणून भौतिकशास्त्र शिकवण्याची सोय तालुका पातळीवर करावी. केंद्र सरकारने आयआयटी कानपूरच्या मदतीने ‘साथी’ हे मोफत व्यासपीठ सुरू केले आहे. ते चांगले आहे. पण पडद्यावरच्या शिक्षकाला शंका विचारता येत नाही, आणि रात्री आठला घरातला एकुलता एक स्मार्टफोन दूध डेअरीच्या हिशेबात गुंतलेला असतो. पडदा राहू द्या, शेजारी माणूस द्या. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ या गटाने मेळघाटातली आदिवासी मुले एमबीबीएसपर्यंत नेली. त्यांच्याकडे इमारती नव्हत्या. नुकतीच हीच परीक्षा देऊन आलेली माणसे होती. आपल्या जिल्ह्यात विळद घाट आणि लोणी येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना अशा मार्गदर्शनासाठी आवाहन करावे, एवढे पत्र प्रशासनाकडून गेले तरी काम सुरू होईल.

याला जोडूनच : दर महिन्याच्या एका रविवारी, दुपारी दोन ते पाच, तालुक्यात मोफत सराव परीक्षा घ्यावी. कागदावर, खऱ्या ओएमआर पत्रिकेवर. मोबाइलवर टिचक्या मारून सराव केलेल्या मुलाला १८० गोल पेनाने भरायला किती वेळ लागतो, हे खऱ्या परीक्षेतच पहिल्यांदा कळते.

भाषेची मागणी जरा समजावून सांगावी लागेल. आमची मुले दहावीपर्यंत मराठीत किंवा सेमी-इंग्रजीत शिकतात. त्यांनी त्वरण, संवेग, जडत्व, तंतुकणिका, गुणसूत्र हे शब्द नीट समजून घेतलेले असतात. अकरावीच्या पहिल्या दिवशी हे सगळे शब्द रद्द होतात. संकल्पना तीच असते, पण ‘मोमेंटम’ म्हणजे आपला संवेगच, हे सांगायला वर्गात कुणाला सवड नसते. मुलगा दिवाळीपर्यंत शब्दांशीच झगडतो आणि ‘मला फिजिक्स जमत नाही’ असे ठरवून बसतो. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, पण तो घेणारी मुले फार थोडी, आणि त्यांचा दोष नाही : दोन वर्षे इंग्रजीत वाचून तीन तासांसाठी मराठीकडे कोण वळेल? शिवाय नियम असा, की भाषांतरात संदिग्धता निघाली तर इंग्रजी प्रश्न अंतिम. २०१८ला तमिळ पेपरातल्या ४९ प्रश्नांच्या भाषांतरावरून मद्रास उच्च न्यायालयाने १९६ गुण देण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पुढे रद्द केला. सरसकट गुण वाटणे बरोबर नाही हे आम्हालाही पटते. पण चूक भाषांतरकाराची आणि वजा गुण मुलाचा, हेही बरोबर नाही. म्हणून, बालभारतीच्या अकरावीच्या विज्ञान पुस्तकांत प्रत्येक धड्याअखेर मराठी-इंग्रजी शब्दांची यादी द्यावी. अकरावीचे पहिले चार आठवडे भाषेच्या पुलासाठी राखावेत. आणि भाषांतरात चूक सिद्ध झालेल्या प्रश्नाला त्या भाषेच्या मुलांपुरते वजा गुण नसावेत.

योजनांबद्दल. बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय, अमृत अशा वेगवेगळ्या समाजगटांसाठीच्या राज्य सरकारच्या संस्था आहेत, आणि त्यांच्यामुळे मुलांना मदत मिळते. पण एका बाकावरच्या चार मुलांना चार संस्था, चार संकेतस्थळे, चार तारखा. महाज्योती इतर मागासवर्गातल्या आणि भटक्या-विमुक्त मुलांना टॅब आणि ऑनलाइन शिकवणी देते, हे आमच्यातल्या एका पालकाला मुदत उलटल्यावर कळले, तेही गावच्या किराणा दुकानात. दहावीच्या निकालासोबतच, गुणपत्रिका देताना, प्रत्येक मुलाच्या हातात त्याला लागू असलेल्या योजनेचा एक कागद शाळेने द्यावा, आणि साहित्य अकरावी सुरू होण्यापूर्वी पोचावे. जातवैधता प्रमाणपत्राचे शिबिरही अकरावीतच घ्यावे. प्रवेशफेरीच्या तोंडावर होणारी धावपळ तेवढी वाचेल.

मुलींबद्दल वेगळे लिहायचे कारण असे. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. मोठा निर्णय आहे. पण ही माफी प्रवेशानंतरची. त्याआधीच्या दोन वर्षांची खोली, मेस आणि क्लासचा खर्च घरच्याच खिशातून जातो, आणि पैसा एकाच लेकराला पुरणारा असेल तर तो कुणावर लागतो, हे आम्ही आमच्याच घरांत पाहिले आहे. नगर शहरात अकरावी-बारावी विज्ञानाच्या ग्रामीण मुलींसाठी शासकीय वसतिगृह हवे. ते होईपर्यंत संध्याकाळी सातनंतर नगरहून गावाकडे एक भरवशाची एसटी हवी.

राखीव जागांच्या मागणीवर आमच्यात एकमत झाले नाही, तेही लिहून ठेवतो. तमिळनाडूने २०२०मध्ये सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा ठेवल्या. काही पालक म्हणाले, तसेच इथे मागा. मग एका शिक्षक पालकाने अडचण दाखवली : तिथला नियम सहावी ते बारावी सरकारी शाळेत, असा आहे. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा प्राथमिकला संपते. पुढची माध्यमिक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय संस्थांचे, अनुदानित. तो नियम जसाच्या तसा उचलला तर हिवरे बाजारचे एकही मूल त्यात बसणार नाही. दुसरी शंका अशी, की ‘ग्रामीण’ म्हणून सवलत ठेवली की शहरातली मुले गावच्या पटावर दिसू लागतील. ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना देणारे ७०:३०चे सूत्र महाराष्ट्राने २०२०मध्ये सोडले, त्यावर अजूनही दोन्ही बाजूंनी वाद आहे. म्हणून आम्ही टक्का मागत नाही. तमिळनाडूने न्यायमूर्ती ए. के. राजन यांची समिती नेमून नीटमुळे कोणत्या घरांतली मुले वैद्यकीय शिक्षणातून गळाली हे तपासले, तसा अभ्यास महाराष्ट्राने करावा : पालकांचा व्यवसाय, शाळेचा प्रकार, माध्यम, कितवा प्रयत्न, क्लास होता की नव्हता.

क्लासच्या फीबद्दल एक उदाहरण. आमच्यातल्या एका घराने दोन दुभत्या गाई विकून शहरातल्या एका क्लासची वर्षाची फी एकरकमी भरली. दिवाळीनंतर मुलाला कावीळ झाली, तो घरी आला तो आलाच. पैसे मागायला गेल्यावर पावतीवर बारीक अक्षरांत छापलेली ओळ दाखवण्यात आली. केंद्राच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत मध्येच क्लास सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे म्हटले आहे. सूचना कागदावर आहे. तक्रार कुठे करायची त्या खिडकीचे नाव आम्हाला हवे.

आणि एक गोष्ट, जी लिहिताना हात थांबतो. जून २०२५मध्ये सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यात, सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून शिक्षक असलेल्या बापाने केलेल्या मारहाणीत बारावीतली मुलगी गेली. ते वाचून आम्ही पालक एकमेकांकडे बघत राहिलो, कारण आवाज आम्हीही चढवला आहे. नंतरच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत सूचना दिल्या आणि क्लासनाही त्या लागू केल्या. त्या सूचना आपल्या जिल्ह्यात कोण अमलात आणणार, हे नावानिशी सांगावे. समुपदेशक मुलांसाठी ठेवाच, पण वर्षातून दोनदा तो पालकांशीही बोलावा.

जिल्ह्यातल्या चोंडी येथे ६ मे २०२५ला झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत अहिल्यानगरसाठी १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि ४३० खाटांचे रुग्णालय मंजूर झाले. त्याचे वेळापत्रक जाहीर करावे.

आम्ही काय करणार, तेही मांडतो. अभ्यासिकेसाठी खोली, वीज आणि झाडलोट आमच्याकडे. त्यासाठी ग्रामपंचायतीकडे वेगळा अर्ज देत आहोत. सराव परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून पालक पाळीपाळीने येतील. ड्रॉप घेणाऱ्या मुलाला पाहुण्यारावळ्यांसमोर ‘यंदा तरी लागेल का’ असे विचारायचे नाही, हे आम्ही आपसांत ठरवले आहे, आणि आतापर्यंत दोनदा मोडलेही आहे.

पंचेचाळीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे आणि चर्चेसाठी वेळ द्यावा. सकाळी दहाच्या आत आम्हाला जमत नाही, धारा काढून दूध घालायचे असते. रविवार शक्यतो नको. मुलांची त्या दिवशी टेस्ट असते आणि त्यांनाही बैठकीला आणायचे आहे.

आपले,
हिवरे बाजार परिसरातील पालक व विद्यार्थी
ऑगस्ट २०२५