यंत्राची स्मृती आणि खाली लपलेला सेल

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या किराणा व्यापाऱ्यांनी रात्री दुकानाचे मुख्य बटण बंद केले. सकाळी पाहतात तो बिलाचे यंत्र कोरे! सुमारे चारशे जिनसांचे भाव पुसले गेले होते. त्यांनी मला विचारले, “काका, मेमरी सतत ताजी करावी लागते म्हणतात. ते काम यंत्राकडून राहून गेले काय?”

‘ताजे करणे’ ही बाब खरी आहे. मात्र ती संगणकाच्या मुख्य स्मृतीची, म्हणजे डीरॅमची. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली तिचे पेटंट मिळाले. तीत प्रत्येक नोंद एका सूक्ष्म कपॅसिटरमधील विद्युतभाराच्या रूपाने राहते. हा भार झिरपत असल्याने साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक नोंद वाचून पुन्हा लिहावी लागते.

बिलाच्या यंत्रात किंवा इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तो मायक्रोकंट्रोलर. त्याची कामचलाऊ स्मृती बहुधा स्थिर प्रकारची, म्हणजे एसरॅम असते. तीत एका नोंदीसाठी सहसा सहा ट्रान्झिस्टर एकमेकांना सावरून धरतात. म्हणून ताजे करण्याची गरज नसते. वीज गेली की मात्र सारे विस्मरण.

तिसरा प्रकार फ्लॅश आणि ईईप्रॉम यांचा. येथे विद्युतभार निरोधक थरात कोंडलेला असल्याने नोंद विजेशिवाय टिकते. प्रचलित अशा एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये स्थिर स्मृती २ किलोबाइट, फ्लॅश ३२ आणि ईईप्रॉम १ किलोबाइट आहे. २५ अंश सेल्सिअसला नोंद १०० वर्षे, तर ८५ अंशांना २० वर्षे टिकेल, असे उत्पादकाचे म्हणणे. तथापि ईईप्रॉमच्या एकाच जागी लिहिण्याची मर्यादा १ लाख वेळांची. दर मिनिटास तेथेच लिहिले, तर दिवसाला १४४० वेळा. म्हणजे सत्तर दिवसांच्या आतच मर्यादा संपते. ठेव मोठी असली तरी उचल बेहिशेबी नको, हा बँकेतील धडा येथेही लागू पडतो.

शेजाऱ्यांचे यंत्र जुन्या धाटणीचे होते. भाव स्थिर स्मृतीत होते आणि रात्री एक छोटा बटन सेल तिला जागते ठेवीत असे. तो सेल वर्षानुवर्षे बदललाच नव्हता. नवा सेल अल्प किमतीत मिळाला. परंतु भावांची यादी कागदावर नसल्याने जुनी बिले चाळून ते पुन्हा भरण्यात पिता-पुत्रांचे दोन दिवस गेले.

वाचकहो, आपल्या यंत्राविषयी विक्रेत्यास एवढे अवश्य विचारावे : भाव कोणत्या स्मृतीत राहतात? आत सेल आहे काय? तो कधी बदलावा, आणि बदलताना नोंदी राखण्यासाठी यंत्रास वीजपुरवठा चालू ठेवावा लागतो काय? सेल तंत्रज्ञाकडूनच बदलून घ्यावा. आणि भावांची छापील यादी चोपड्यांबरोबर कपाटात असू द्यावी. ती असती, तर शेजाऱ्यांचे काम एका दुपारीच उरकले असते.