देव नसेल तर नीति कशाची?

गेल्या वर्षीं आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेंत खजिनदाराच्या निवडणुकीचा प्रश्न निघाला, तेव्हां एका वयोवृद्ध सभासदांनीं उठून सरळ हरकत घेतली. उमेदवार देव मानीत नाहीं. त्याच्या हातीं तिजोरीची किल्ली कशी द्यावी? सभा हंसली आणि विषय तेथेंच संपला. आम्हांस मात्र तें हंसणें बरें वाटलें नाहीं. कारण त्या गृहस्थांनीं जें भाबडेपणानें विचारलें, तेंच पाश्चात्य ख्रिस्ती पंडितांनीं तर्कशास्त्राच्या सर्व अलंकारांनिशीं मांडलेलें आहे. आणि आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतून तें न तपासतां खरें मानलें जातें.

हा युक्तिवाद प्रथम त्याच्या उत्तम रूपांत पाहिला पाहिजे. नास्तिक मनुष्य दुर्वर्तनी असतो, असें त्यांतील जाणते पंडित म्हणत नाहींत. तसें म्हणणाऱ्याचें खंडन करण्यांत पुरुषार्थही नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, नास्तिकाचें सदाचरण पायाशिवाय उभें आहे. निरपराध मुलाचा छळ करणें वाईट, ही गोष्ट आपल्या आवडीनिवडीवर अवलंबून नाहीं. उद्यां सर्व जगानें तें चांगलें ठरविलें तरी तें वाईटच राहील. मग हें बंधन आलें कोठून? जड परमाणूंत तें नाहीं, समाजाच्या बहुमतांत नाहीं; तेव्हां मनुष्याच्या वर असलेल्या एखाद्या चेतन सत्तेकडूनच तें आलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत, १९४१ पासून, सी. एस. लुईस यांनीं बी. बी. सी. वरील भाषणांतून हा विचार इंग्लंडांतील सामान्य श्रोत्यांपर्यंत पोंचविला. अमेरिकेंतील विल्यम लेन क्रेग यांनीं तोच विद्यापीठांच्या व्यासपीठांवर अधिक काटेकोरपणें मांडला आहे.

या युक्तिवादाची एक संस्मरणीय कसोटी २८ जानेवारी १९४८ रोजीं लागली. त्या दिवशीं बर्ट्रांड रसेल आणि जेसुइट पंथाचे फादर फ्रेडरिक कोपलस्टन यांचा वाद बी. बी. सी. ने प्रसृत केला. बरें-वाईट आपण कसें ओळखतां, असा प्रश्न निघतांच रसेल म्हणाले, निळा आणि पिवळा रंग ओळखतों तसें. रंग डोळ्यांनीं कळतात, हें कशानें कळतें? भावनेनें, असें उत्तर आलें. मग कोपलस्टन यांनीं बेल्सेनच्या छळछावणीच्या अधिकाऱ्याचें उदाहरण पुढें केलें: त्याला तर आपलें करणें योग्यच वाटत होतें! रसेल यांचें उत्तर असें कीं, काविळीच्या डोळ्यांना सारेंच पिवळें दिसतें. तें तसें नाहीं हें सिद्ध करतां येत नसलें तरी बहुतेक लोक आपल्याशीं सहमत असतात. रसेल यांच्याविषयीं आम्हांस मोठा आदर आहे. तथापि या ठिकाणीं ते हरले, असें स्पष्ट म्हटलें पाहिजे. कावीळ झालेल्यास कोणी शिक्षा करीत नाहीं. आणि बहुमताचाच आधार घ्यावयाचा, तर छावणीच्या पहारेकऱ्यांत बहुमत कोणाच्या बाजूचें होतें? क्रौर्यांत वाईट एवढेंच कीं तें आपल्याला आवडत नाहीं, हें मानणें आपल्यास जमत नाहीं, अशी कबुली पुढें खुद्द रसेल यांनींच दिली.

परंतु रसेल अडखळले म्हणून कोपलस्टन यांचा देव सिद्ध होत नाहीं. अथेन्सच्या न्यायालयाच्या देवडीवर सॉक्रेटिसाची गांठ युथिफ्रोशीं पडते, असा प्रसंग प्लेटोनें रंगविला आहे. एका मजुराच्या मृत्यूबद्दल हा गृहस्थ प्रत्यक्ष आपल्या बापावर फिर्याद करावयास आलेला आहे, आणि देवांना काय रुचतें हें आपणांस पुरतें ठाऊक आहे अशी त्याची खात्री आहे. सॉक्रेटिसानें त्याला घातलेला पेंच अद्यापि सुटलेला नाहीं: देवाला आवडतें म्हणून तें सत्कृत्य, कीं सत्कृत्य म्हणून तें देवाला आवडतें? पहिलें म्हणावें, तर उद्यां देवाला विश्वासघात आवडूं लागल्यास तोच धर्म होईल; दुसरें म्हणावें, तर नीति देवाच्या आधींच सिद्ध आहे. क्रेगप्रभृति उत्तर देतात कीं हा पेंचच खोटा. देवाचा स्वभाव हाच चांगुलपणा, आणि त्याची आज्ञा त्या स्वभावांतून निघते. उत्तर चतुर आहे. पण तो स्वभाव दयाळू व न्यायी आहे म्हणून तुम्ही त्याला चांगला म्हणतां, कीं केवळ तो देवाचा आहे म्हणून? पेंच एक पायरी खालीं सरकला, इतकेंच.

हें नुसतें शब्दांचें भांडण नव्हे. बायबलांतील ‘अनुवाद’ नांवाच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायांत कनान देशांतील नगरांविषयीं आज्ञा आहे कीं, तेथें कोणासही जिवंत सोडूं नये. मुलांचें काय? क्रेग यांनीं लिहिलें आहे कीं, तीं मुलें स्वर्गाला गेलीं, तेव्हां त्यांच्यावर अन्याय झाला नाहीं. कींव करावयाची तर तें काम करावें लागलेल्या सैनिकांची करावी. हेंच कारण दाखवून रिचर्ड डॉकिन्स यांनीं २०११ मध्यें त्यांच्याबरोबर व्यासपीठावर बसण्याचें नाकारलें. तें आम्हांस पटलें नाहीं. ज्या मुद्द्यावर वाद घालावा तो नेमका हाच होता.

असंख्य श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांना क्रेग यांचें हें समर्थन वाचून शहारे येतात. तिसऱ्या शतकांतच ओरिजेन या धर्मपंडितानें या युद्धकथांचा अर्थ अंतःकरणांतील दुर्गुणांशीं झगडा असा लावला. मूळ शब्द तर अगदीं साधे आहेत. मग रूपकाची गरज कां भासली? वाचणाऱ्याच्या सदसद्विवेकानें ग्रंथाला आधीं न्यायासनासमोर उभें केलें म्हणून. आपणही निराळें काय करतों? शंबूकवध वाचून लाज वाटते, आणि उत्तरकांड प्रक्षिप्त आहे असें ऐकलें कीं जीव भांड्यांत पडतो. तराजू आधींपासूनच आपल्या हातांत आहे.

हा तराजूही धर्मानेंच दिला, तुम्ही उसन्या भांडवलावर जगतां, असें यावर शेवटचें उत्तर मिळतें. विल्बरफोर्स यांनीं बायबल हातीं धरून गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झुंज दिली आणि १८०७ चा कायदा झाला, हें खरें. पण तेंच बायबल हातीं धरून गुलामगिरीचें समर्थन करणाऱ्या अमेरिकेच्या दक्षिणेंतील बॅप्टिस्टांनीं १८४५ मध्यें आपला निराळा संघ काढला, आणि त्या संघास पश्चात्तापाचा ठराव करण्यास १९९५ साल उजाडावें लागलें. एकाच पुस्तकांतून हे दोन पक्ष निघाले. त्यांतून निवड कोणी केली? आपल्याकडे आगरकरांनीं १८८८ मध्यें ‘सुधारक’ काढून विधवांच्या केशवपनाविरुद्ध लेखणी उचलली, ती कोणत्याही ईश्वरी आज्ञेच्या आधारानें नव्हे. आणि त्या रूढीचे कैवारी मात्र शास्त्रवचनें काढून दाखवीत होते.

नीतीचें बंधन मूळ कोठून येतें, याचें निर्विवाद उत्तर आमच्याजवळ नाहीं, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु न सुटलेल्या प्रश्नाच्या जागीं देवाचें नांव घातल्यानें तो सुटत नाहीं, आणि व्यवहारांत त्याची किंमत मुलांना द्यावी लागते. ‘खोटें बोलूं नकोस, देव पाहतो’ असें सांगणारा बाप मुलाचा खरेपणा एका खुंटीला टांगून ठेवतो. पुढें तो मुलगा कॉलेजांत जातो, चार पुस्तकें वाचतो आणि ती खुंटी ढिली होते. त्या दिवशीं त्यानें खरें कां बोलावें, याचें दुसरें कोणतेंही कारण घरांत त्याला कोणी सांगितलेलें नसतें.