डाग गेले, मग दुखतंय कुठे?

"अगं आत्या, डाग तर सगळे गेले ना? मग आता दुखतंय कुठे?"

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालून मोकळं होता आलं असतं, पण आमच्या घरातले निम्मे लोक हे वाचतात आणि त्या दिवशी फोन स्पीकरवर होता. तेव्हा आधी कबूल करते, मग भांडायला सुरुवात करते.

आत्या बहात्तर वर्षांची, साताऱ्याला असते. गेल्या पावसाळ्यात तिच्या उजव्या कुशीत दोन दिवस नुसती आग होत होती. कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं उसण भरली. तिसऱ्या दिवशी पाठीपासून छातीपर्यंत पट्ट्यासारखे फोड उठले. शेजारच्या काकूंनी बघताक्षणी ओळखलं, नागीण! लगेच गेरू आला, नागीण उतरवणारे एक गृहस्थ आले. त्यांनी डोकं कुठे, शेपूट कुठे ते बोटाने दाखवलं आणि मध्ये गेरूची रेघ मारली. दोन्ही टोकं भेटली की माणूस गेला, हे आपण सगळ्यांनीच लहानपणापासून ऐकलंय. टोकं भेटली नाहीत. घरात सगळ्यांनी हुश्श केलं.

अहो, ती भेटणारच नव्हती! लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी, मणक्याशेजारच्या गाठींमध्ये दडून बसतो. वय झालं, प्रतिकारशक्ती ढिली पडली, की एखाद्या गाठीतून निघून त्याच मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. त्या मज्जातंतूचा इलाका शरीराच्या एकाच बाजूला असतो, म्हणून पट्टा सहसा मधोमध येऊन थांबतो. गेरू लावा नाहीतर लावू नका. फोडसुद्धा दोन ते चार आठवड्यांत आपले आपण सुकतात. त्यामुळे नागीण उतरवणाऱ्याला अपयश म्हणून कधी येतच नाही. असा धंदा मला मिळाला असता तर!

पण माझं खरं भांडण त्या गृहस्थांशी नाही. ते बिचारे नारळ आणि एक्कावन्न रुपये घेऊन गेले. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, ते तास मात्र त्या नारळाबरोबर गेले. पाचव्या दिवशी दादा तिला एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी तरीही गोळ्या दिल्या, मलम दिलं, आणि पंधरा दिवसांनी खपल्या बघून म्हणाले, "छान, बऱ्या झालात आजी." दुखतंय का, किती दुखतंय, रात्री झोप लागते का, एक प्रश्न नाही. विषय संपला. गेरूवाल्याने कातडी पाहिली, डॉक्टरांनीही कातडीच पाहिली, आणि मी तर पुण्यात बसून न बघताच निकाल दिला.

आणि आत्या? तिला पदर लागला तरी चटका बसायचा. पंख्याचं वारं नको. ब्लाउज अंगाला लावता येईना म्हणून ती काकांचा जुना मलमलचा सदरा उलटा करून घालायची, शिवण टोचू नये म्हणून. बसल्या बसल्या मध्येच अशी कळ यायची की हातातलं भांडं सुटायचं. घरच्यांना वाटायचं, म्हातारपणी लक्ष वेधून घ्यायची सवय लागली. भाच्याच्या लग्नाला आली नाही तेव्हा "मानपानाचं काहीतरी बिनसलं असेल" अशी चर्चाही झाली. (हो, त्या चर्चेत मीही होते.)

नंतर अपराधी वाटायला लागलं म्हणून मी वाचायला बसले. मी डॉक्टर नाही, आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलं. पण आकडे वाचता येतात, आणि यातले काही आकडे वाचून मला रात्री झोप लागली नाही.

पुरळ उठल्यापासून ९० दिवस झाले आणि तरी दुखतंय, तर त्याला 'पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया' म्हणायचं, अशी संशोधकांची नेहमीची व्याख्या आहे. नागीण झालेल्या दहांतल्या एक-दोघांना हे होतं, वयाबरोबर प्रमाण वाढतं. कुणाला होईल? तर वय जास्त, फोड येण्याआधीच दुखणं सुरू झालेलं, पहिल्या दिवसांतल्या वेदना तीव्र, पुरळ दाट. २०१६ साली लंडनच्या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हाही हेच धोके ठळक दिसले. आत्याला यातलं काय नव्हतं? पहिल्याच दिवशी ज्याने तिला दोन प्रश्न विचारले असते, त्याला पुढचं दिसलं असतं. आता तर रुग्णालयातल्या नोंदी संगणकाला भरवून ही वेदना कुणाला होणार याचं भाकीत करणारे निबंध निघतात. निघू देत. पण त्या संगणकाला वेदनेचा आकडा हवा असतो, आणि तो कागदावर यायला आधी कुणीतरी "आजी, शून्य ते दहात किती दुखतंय?" असं विचारावं लागतं ना?

यावर दादाचं म्हणणं, "आधी कळून उपयोग काय? थांबवता थोडंच येतं?" प्रश्न खोटा नाही. विषाणूवरच्या गोळ्यांनी फोड लवकर सुकतात, सुरुवातीच्या वेदनाही थोड्या कमी होतात. पण पुढची दीर्घ वेदना टळते असं ॲसायक्लोव्हिरच्या चाचण्या एकत्र पाहून ठामपणे म्हणता आलं नाही. नेदरलँड्समध्ये एक मोठी चाचणी झाली, २००६ साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पन्नाशीपुढचे ५९८ रुग्ण. साधारण निम्म्यांना नेहमीच्या गोळ्या, बाकीच्यांना त्याशिवाय कण्याजवळ स्टेरॉइड आणि बधिर करणाऱ्या औषधाचं एक इंजेक्शन. महिन्यानंतर इंजेक्शनवाल्यांपैकी ४८ टक्क्यांना दुखत होतं, दुसऱ्या गटात ५८ टक्क्यांना. तीन महिन्यांनी २१ आणि २४. म्हणजे फरक जवळजवळ पुसला गेला. त्या सुईने पुढचं दुखणं टळलं नाही.

सगळे या चाचणीतून इंजेक्शनचा निकाल वाचतात. मी त्या ५८ वर अडकले. ज्यांना ती सुई मिळाली नाही, साध्या गोळ्या मिळाल्या, त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना महिन्याने थोडंफार तरी दुखतच होतं! आणि महिन्याने बहुतेकांच्या खपल्या पडून गेलेल्या असतात. म्हणजे मी फोनवर जे बोलले, ते बोलायच्या वेळी आत्याला दुखत असणं हीच सर्वसाधारण गोष्ट होती. आश्चर्य दुखत नसतं तर वाटायला हवं होतं. हे एक वाक्य डॉक्टरांनी दादाला सांगितलं असतं तर? वेदना तेवढीच राहिली असती, मान्य. पण त्या घरात तिला कुणी खोटं पाडलं नसतं. माझ्या मते भाकिताचा एवढा उपयोग पुरेसा आहे.

आणि वेदनेवर काहीच नाही असंही नाही. गॅबापेंटिनची १९९८ ची अमेरिकेतली चाचणी घ्या. २२९ रुग्ण, आठ आठवडे. औषधवाल्यांची सरासरी वेदना ६.३ वरून ४.२ वर आली, नुसत्या दिखाऊ गोळीवाल्यांची ६.५ वरून ६. कुणी म्हणेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? ज्याने उलटा सदरा घालून दिवस काढलेत त्याला विचारा. आत्याला हे औषध पाचव्या महिन्यात मिळालं, दुसऱ्या डॉक्टरांकडे. सुरुवातीला चक्कर यायची, म्हणून रात्री थोडं थोडं करत वाढवलं. आता ती स्वतःच आकडा सांगते. "आज चार आहे गं." चारला ती ब्लाउज घालते. सहाला नाही. पाचला हवामान बघून ठरवते.

खरा प्रतिबंध लशीचा. २०१५ साली पन्नाशीपुढच्या पंधरा हजारांवर लोकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, नागीण ९७ टक्क्यांनी कमी. नागीणच नाही तर मागची वेदना कुठून येणार? २०२३ पासून ही लस आपल्याकडे पन्नाशीपुढच्यांना मिळते. दोन डोस, आणि मला सांगितलेला खर्च वीस हजारांच्या घरातला. महाग आहेच. सरकारी लसीकरणात नाही, म्हणजे ज्या म्हातारीकडे नारळ आणि एक्कावन्न रुपयेच आहेत, तिच्या वाट्याला पुढेही गेरूच. याबद्दल कुणी ओरडत का नाही? म्हातारपणातल्या दुखण्याला आपण दुखणं समजतच नाही, वय समजतो.

असो. दादा, तू अठ्ठावन्नचा झालास. कांजिण्या तुला दुसरीत असताना आल्या होत्या आणि तू मला दिल्या होत्यास, हे आईच्या वहीत लिहिलेलं आहे. लशीच्या दवाखान्याचा नंबर मी तुला मंगळवारी पाठवलाय. तुझं अजून उत्तर आलेलं नाही.