सात दिवस तोंड बंद

माझी मागणी अगदी साधी आहे. प्रोग्रेसिव्ह रॉकचा नवा अल्बम बाजारात आला, की पहिले सात दिवस त्याच्यावर मत द्यायला कायद्याने बंदी असावी. ऐकायला बंदी नको. ऐका, हवं तितकं ऐका. लोकलमध्ये लोंबकळत ऐका, भाजी निवडताना ऐका. फक्त बोलू नका. आठव्या दिवशी सकाळी रांगेत उभं राहून ज्याने त्याने आपापलं मत खिडकीवर जमा करावं. आठवडाभर गप्प बसल्याने माणसाला काहीही होत नाही, हे मी आमच्या घरात गेली अठरा वर्षं स्वतःवर प्रयोग करून सिद्ध केलेलं आहे.

सातच दिवस का, असं कुणीतरी विचारणारच. मी बँकेत कारकून आहे. मुदतठेव कमीत कमी सात दिवसांची असते, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. त्याच्या आत ठेव मोडलीत तर मुद्दल परत मिळतं, व्याज मिळत नाही. नव्या अल्बमचंही तेच. पहिल्याच रात्री मोडलात तर कानात पडलेला आवाज तेवढा तुमचा. त्यावर चढणारा आनंद गेला. फरक इतकाच, की बँकेतला असा खातेदार निमूट पैसे मोजून घरी जातो. इथला खातेदार चौकात उभा राहून बँकच बुडाली म्हणून ओरडत सुटतो.

ज्यांना हा संगीतप्रकार ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंग्लंडात १९६० च्या दशकाच्या अखेरीस काही पोरांना वाटलं, की तीन मिनिटांच्या गाण्यात काय होतं? तेवढ्या वेळात धड चहासुद्धा होत नाही. १९६९ च्या ऑक्टोबरात किंग क्रिम्झनचा पहिला अल्बम आला, मग येस, जेनेसिस, जेथ्रो टल ही मंडळी पुढे सरसावली आणि गाणी वीस-वीस मिनिटांची झाली. जेथ्रो टलने तर १९७२ साली एकच गाणं एलपीच्या दोन्ही बाजूंना पुरवलं. मध्येच बासरी, मध्येच शांतता, आणि ताल असा की पाय आपटणाऱ्याचा पाय हवेतच राहावा. पिंक फ्लॉइडच्या 'मनी' ह्या गाण्याचा बराचसा भाग सात मात्रांचा आहे. रूपक ऐकलेल्या आपल्या माणसाला सातांचं भय नाही. पण चार मात्रांवर वाढलेल्या गोऱ्या साहेबाची काय त्रेधा उडाली असेल! सांगायचा मुद्दा असा, की हा प्रकार पहिल्या भेटीत ओळख दाखवणाऱ्यातला नाही. आणि नेमकं त्याच्याच बाबतीत जगातले सगळे पहिल्या भेटीत निकाल देऊन मोकळे होतात.

२०२५ सालच्या ७ फेब्रुवारीची गोष्ट घ्या. ड्रीम थिएटर ह्या अमेरिकन मंडळींचा 'पॅरासोम्निया' आला. त्यांचा ढोलवाला माइक पोर्टनॉय २०१० साली मंडळ सोडून गेला होता, तो २०२३ साली परत आला, आणि त्यानंतरचा हा पहिला अल्बम. विषय, झोपेचे विकार. ते विकार ऐकण्यासाठी माझा इंजिनिअरिंगला असलेला भाचा रात्री बारा वाजेपर्यंत जागा! बारा वाजता अल्बम सुरू झाला आणि बारा चाळीसला माझा फोन वाजला.

"मामा, मास्टरपीस आहे! शंभर टक्के!"

अल्बम एकाहत्तर मिनिटांचा आहे. माझं शिक्षण कॉमर्सचं असल्यामुळे वजाबाकी मला अर्धवट झोपेतही जमते. शेवटचं गाणं, तेच एकोणीस मिनिटांचं, त्याने अजून ऐकलेलंच नव्हतं. आमच्या शाखेत असा ताळेबंद कुणी पुढे केला असता तर साहेबांनी त्याला सर्वांसमक्ष उभा केला असता. आणि कहर म्हणजे त्याच वेळी, त्याच्याच खोलीत, तेच ऐकत बसलेल्या त्याच्या मित्राचं मत पडलं होतं, "संपले रे हे लोक."

अशा तातडीच्या न्यायाधीशांच्या चार जाती आहेत. पहिली शिखरवाल्यांची. ह्यांना दर अल्बम शिखर वाटतो. बिचारे सगळीकडे वरच चढत असतात, दरी म्हणून त्यांना भेटतच नाही. दुसरी 'पूर्वीसारखं राहिलं नाही'वाल्यांची. ह्यातला एखादा एकोणीस वर्षांचा असतो, तरी त्याचं 'पूर्वी' कुठून येतं हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. तिसरी जात हिशेबनिसांची. चौथ्या मिनिटाच्या बाराव्या सेकंदाला जी फ्रेज आहे ती तेहतीस वर्षांपूर्वीच्या अमुक गाण्यातून उचललीय, हे ते पहिल्याच ऐकण्यात पकडतात. एवढं पकडायला लागल्यावर ऐकायला वेळ कुठून मिळायचा? चौथी जात क्रमवारी लावणाऱ्यांची. 'पॅरासोम्निया' हा त्या मंडळींचा सोळावा स्टुडिओ अल्बम. सकाळी चहाच्या आत ह्यांची यादी तयार, सोळांत सहावा! पाचवा का नाही आणि सातवा का नाही, हे विचारण्याची सोय नाही.

आता कुणी म्हणेल, हे आजकालच्या पोरांचं आहे, पूर्वी लोक शांत होते. मुळीच नव्हते. येस ह्या मंडळींचं 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' बघा. १९७३ साली जॉन अँडरसन हा त्यांचा गायक टोकियोच्या हॉटेलात परमहंस योगानंदांचं 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी' चाळत बसला होता. त्र्याऐंशीव्या पानावर शास्त्रांविषयी एक तळटीप होती. आपण तळटीप दिसली की पान उलटतो. ह्या गृहस्थाने त्या टीपेवर ऐंशी मिनिटांचा अल्बम काढला. चार गाणी, चार बाजू. आणि अल्बम दुकानात येण्याआधीच नोव्हेंबरात दौऱ्यावर निघून तो सगळाच्या सगळा लोकांपुढे वाजवायला घेतला. कधी न ऐकलेलं ऐंशी मिनिटांचं संगीत पहिल्यांदा कानावर आल्यावर त्या श्रोत्यांचं काय झालं असेल, विचार करा.

श्रोत्यांचं सोडा, खुद्द मंडळातल्या रिक वेकमनचं काय झालं पाहा. कीबोर्ड वाजवणाऱ्या ह्या माणसाला तो अल्बम पसंतच नव्हता. त्याने पुढे स्वतःच सांगितलेली हकिकत अशी. मँचेस्टरला कार्यक्रम चालू असताना त्याच्या मदतनिसाने विचारलं, नंतर जेवायला काय सांगू? वेकमनने सांगितलं. मदतनिसाला 'नंतर' हा शब्द ऐकू गेला नाही, आणि थोड्या वेळाने कीबोर्डच्या आडून विंडालू, पापड, भेंडीची भाजी असं साग्रसंगीत ताट वर आलं. वेकमनसाहेब रंगमंचावरच जेवले. शास्त्रांवरचं संगीत चालू असताना विंडालू! १९७४ च्या मे महिन्यात ते मंडळ सोडून गेले, आणि पुढे काही वर्षांत परतही आले.

अल्बम मात्र ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. कुणी त्याला थोर म्हटलं, कुणी थोतांड म्हटलं. पन्नासहून अधिक वर्षं झाली, ते भांडण अजून मिटलेलं नाही. ज्या कामाबद्दल दोन पिढ्यांचं एकमत होऊ शकलं नाही, तसल्या कामाचा निकाल माझा भाचा चाळीस मिनिटांत लावतो. ह्याला न्यायखात्यात घ्या म्हणजे देशभरचे तुंबलेले खटले एका पावसाळ्यात वाहून जातील.

बरं, पगारी समीक्षक तरी शहाणे होते का? १९७५ साली पिंक फ्लॉइडचा 'विश यू वेअर हिअर' आला तेव्हा नामांकित मासिकांनी नाकं मुरडली. 'डार्क साइड ऑफ द मून'नंतर हे काय आणलं, असा एकूण सूर. त्याच अल्बमला आज लोक डोक्यावर घेतात. गिल्मोर आणि राइट ह्या दोघांनीही पुढे तो आपला सर्वांत आवडता म्हणून सांगितला. मासिकवाल्यांना निदान छापखान्याची तारीख गाठायची होती. भाच्याला कुठली तारीख गाठायची आहे?

भाच्याचं म्हणणं मी मुद्दाम पूर्ण ऐकून घेतलं, कारण ते बिनबुडाचं नाही. तो म्हणाला, "मामा, पहिलं मतच खरं असतं. सात दिवसांनी माणूस चार जणांचं ऐकून बोलतो, त्यात स्वतःचं काय उरतं?" मी म्हटलं, अरे, म्हणूनच तर बंदी सगळ्यांना हवी! सगळेच गप्प असतील तर तू कुणाचं ऐकणार? अल्बमचंच ना? त्यावर तो म्हणाला, "पण एकत्र जागून ऐकण्यातली मजा?" मजा जरूर करा. मैफलीत समेला 'वा' म्हणायला कुणाची हरकत असते? पण 'वा' वेगळं आणि निवाडा वेगळा. विलंबित चालू असताना कुणी उठून, "बुवा, हा राग आपल्या सोळांत सहावा," असं जाहीर करीत नाही. केलंच, तर त्याला सतरंजीसकट बाहेर काढतात.

हा सगळा थट्टेचा मामला आहे असं समजू नका. ह्यात पैसा गुंतलेला आहे, आणि पैसा म्हटला की मी थट्टा करीत नाही. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक वादन धरतात, आणि कलावंताचा वाटा वादनांच्या संख्येवर ठरतो. म्हणजे एकतीस सेकंद ऐकलेलं गाणं आणि एकोणीस मिनिटं ऐकलेलं गाणं, खतावणीत दोन्हींची नोंद एक! सबंध अल्बमचं एक गाणं करणाऱ्याला एक वादन, आणि त्याचेच वीस तुकडे करणाऱ्याला वीस. असा हिशेब असताना जो माणूस वीस मिनिटांचं सलग काम करतो, तो आतबट्ट्याचा व्यवहार समजून उमजून करतो. स्टीव्हन विल्सनने २०२५ च्या मार्चमध्ये 'द ओव्हरव्ह्यू' काढला. बेचाळीस मिनिटं, गाणी फक्त दोन. अशा माणसाच्या पदरात पहिल्या रात्रीच 'कंटाळवाणं' हा शिक्का मारून टाकला, तर पुढल्या खेपेस तो किंवा त्याच्यामागून येणारा कुणी पोरगा तीन-तीन मिनिटांचे तुकडे पाडील. मग ओरडू नका, की पूर्वीसारखं राहिलं नाही!

आमच्या कॉलेजच्या दिवसांत कॅसेट विकत घ्यायची म्हणजे आठवडाभराचा वडापाव बंद. इतकं मोजल्यावर ती पहिल्या फेरीत आवडो न आवडो, दुसरी फेरी, तिसरी फेरी, पेन्सिलीने रीळ गुंडाळून पाचवी फेरी, ही वसुली होतीच. त्या वसुलीत कान तयार झाले. आज महिन्याच्या भाड्यात जगातलं सगळं संगीत मिळतं, त्यामुळे कुठल्याच गाण्याकडे आपलं येणं निघत नाही, आणि वसुलीला कुणी बसत नाही.

पण धीर अगदीच संपला आहे असंही नाही. २००९ च्या डिसेंबरात पॉर्क्युपाइन ट्री पवईच्या आयआयटीत 'मूड इंडिगो'साठी येऊन वाजवून गेले. त्यांचा 'द इन्सिडेंट', ज्यातलं मुख्य गाणंच पंचावन्न मिनिटांचं, तो आलेला सप्टेंबरात. म्हणजे ऐकणाऱ्यांना तीन महिने मिळाले होते. लोणचं मुरायलाही साधारण तेवढेच लागतात. आणि टूल ह्या मंडळींनी तेरा वर्षं वाट पाहायला लावून २०१९ साली 'फिअर इनॉक्युलम' दिला, तेव्हा त्यातलं दहा मिनिटांहून मोठं गाणं अमेरिकेच्या पहिल्या शंभरांत गेलं. इतकं लांब गाणं त्या यादीत त्याआधी कधी शिरलं नव्हतं. तेरा वर्षं थांबलेल्या लोकांना आणखी सात दिवस जड जाऊ नयेत.

तेव्हा सरकारने हा कायदा करावा. दंड म्हणून पैसे घेऊ नयेत, पोरं आईबापांकडून मागून भरतील. गुन्हेगाराला त्याने नावं ठेवलेला अल्बम एका जागी बसवून, फोन काढून घेऊन, सलग चार वेळा ऐकवावा. बहुतेक जण शिक्षा संपल्यावर पाचव्यांदा ऐकू देण्यासाठी अर्ज करतील, आणि तो अर्ज मंजूर करण्यात यावा.