धुक्याचा ऋतू आणि वैद्याचे कर्तव्य

डिसेंबर उजाडला की वृत्तपत्रांत एक छायाचित्र ठरलेले असते. दिल्लीच्या विमानतळावर सामानाला टेकून झोपलेले प्रवासी, अंगावर घेतलेल्या शाली, वर फलकावर 'विलंब' हा एकच शब्द. छायाचित्राखालील ओळी वर्षागणिक बदलतात, इतकेच. नाताळची सुट्टी, लग्नसराई आणि वर्षअखेरीच्या सहली यांचा काळ व उत्तर भारतातील दाट धुक्याचा काळ नेमका एकच असल्याने हा प्रसंग टळत नाही. आयुर्वेदाच्या त्रैमासिकाने विमानांच्या वेळापत्रकाची चिंता का वाहावी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमचे उत्तर असे की, त्या फलकाखाली ताटकळणाऱ्यांत आपले रुग्ण असतात, आणि त्यांना तेथे जे सोसावे लागते त्यातील बराचसा भाग आपल्या अधिकारक्षेत्रातला आहे.

प्रथम या संकटाचे स्वरूप पाहू. निरभ्र आकाश, दीर्घ व थंड रात्र, मंद वारा आणि जमिनीलगतचा ओलावा एकत्र आले की धुके जमते. पश्चिमी विक्षोभाने पाऊस पडून गेल्यावर गंगा-यमुनेच्या मैदानात हे सर्व सहजी जुळून येते. हवेतील धूर व धूलिकण त्यात भर घालतात. दृश्यता ५० मीटरांच्या आत गेली की हवामान खाते त्यास 'अतिदाट धुके' म्हणते. दिल्लीच्या विमानतळावर ५० मीटर दृश्यतेतही विमान उतरवता येईल अशी यंत्रणा आहे. परंतु त्यासाठी विमान व वैमानिक दोन्ही त्या कामास पात्र असावे लागतात. उड्डाणास तर साधारणतः १२५ मीटर दृश्यता लागते. शिवाय अशा वेळी दोन विमानांमधील अंतर वाढवावे लागते, म्हणून तासाला हाताळता येणाऱ्या विमानांची संख्या घटते. दरम्यान वैमानिकांचे नियमाने ठरलेले कामाचे तास संपतात आणि धुके विरल्यावरही विमान जागचे हलत नाही.

हे दिल्लीचे दुखणे, आपणांस त्याचे काय, असेही म्हणून चालत नाही. सकाळी दिल्लीत अडकलेले विमान दुपारी पुण्यास वा नागपुरास यावयाचे असते. तेथील प्रवासी स्वच्छ उन्हात बसून दिल्लीच्या धुक्याची किंमत मोजतात. १४ जानेवारी २०२४ रोजी गोव्याहून दिल्लीस निघालेले एक विमान धुक्यामुळे मुंबईस वळवावे लागले. तासन् तास कंटाळलेले प्रवासी विमानाबाहेर पडून विमानतळाच्या आवारात, विमानाशेजारी जमिनीवरच जेवावयास बसले. ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. त्यावर सुरक्षेची चर्चा झाली, दंडही झाले. भर हिवाळ्याच्या रात्री उघड्यावर बसलेल्या त्या माणसांच्या प्रकृतीची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांची कथा आणखी कठीण. २०१० च्या डिसेंबरात हिमवर्षावाने लंडनचे हीथ्रो विमानतळ ऐन नाताळच्या तोंडावर ठप्प झाले होते. २०२२ च्या नाताळात अमेरिकेतील हिमवादळानंतर साउथवेस्ट या एकाच विमान कंपनीची सोळा हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि सुमारे वीस लाख प्रवासी अडकले. वादळ सरले तरी त्या कंपनीची विस्कटलेली घडी बसण्यास आणखी काही दिवस गेले. अशा वेळी सत्तरीच्या माणसाने कुणाकडे पाहावे?

यातील मुख्य गोष्ट ही की, हे संकट अचानक येत नाही. नागरी विमान वाहतूक खाते १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा धुक्याचा हंगाम धरून विमान कंपन्यांस तयारी करावयास लावते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावरच धुक्याचा अभ्यास मांडला, आणि आज धुक्याचा अंदाज आधी मिळू शकतो. ज्याची वेळ, जागा व कारण ठाऊक आहे, त्यास अपघात म्हणणे योग्य नव्हे. तो एक ऋतू होय. आणि ऋतू म्हटला की ऋतुचर्या आली. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात 'अनागताबाधाप्रतिषेध' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. अद्याप न आलेल्या पीडेचा आधीच प्रतिबंध करावा, हा विचार ज्या शास्त्राने एवढ्या आदराने मांडला, त्याच्या अनुयायांनी रुग्ण विमानतळावर आडवा होईपर्यंत वाट पाहणे शोभत नाही.

विलंबाच्या त्या दहा-बारा तासांत शरीरावर काय गुदरते, ते आपल्या परिभाषेत मांडून पाहावे. हेमंतात अग्नी बलवान असतो आणि त्यास पुरेसे इंधन न मिळाल्यास तो देहातील रसाचेच शोषण करतो, वायू प्रकुपित होतो. म्हणून या ऋतूत अल्प आहार, वातल अन्न व वाऱ्याचा मारा चरकाचार्यांनी वर्ज्य सांगितला. अडकलेल्या प्रवाशाच्या वाट्यास नेमके हेच येते: चहा-बिस्किटांवर काढलेला दिवस, थंड कोरडे पदार्थ आणि वातानुकूलनाचा झोत. रात्रीच्या जागरणाने रूक्षता वाढते. विमानातील हवा वाळवंटासारखी कोरडी असते, तिची भर निराळी. यावर कडी म्हणजे वेगधारण. उड्डाणाच्या प्रतीक्षेत विमान धावपट्टीलगत उभे असले की जागेवरून उठण्यास मनाई होते. हे ठाऊक असल्याने अनेक वृद्ध, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मूत्राचा वेग अडविणे आणि तो येऊच नये म्हणून तहान अडविणे, दोन्ही वेगधारणच. तेरा अधारणीय वेगांपैकी मूत्र, मल, क्षुधा, तृष्णा आणि निद्रा हे पाच वेग एकाच बैठकीत अडविले जात असतील, तर पुढील आठवड्यात मलावष्टंभ, कटिशूल, शिरःशूल आणि मूत्रदाहाचे रुग्ण आपल्या दारी आल्यास नवल नाही.

आधुनिक शास्त्राचीही साक्ष काढता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून प्रवास केल्यास शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. निरोगी माणसांत तो मुळात अत्यल्प असतो. परंतु नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, स्थूल वा पूर्वी गुठळी झालेले रुग्ण यांच्या बाबतीत ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नव्हे.

तेव्हा वैद्याने करावयाचे काय? आमच्या मते सर्वांत मोलाचे औषध म्हणजे एक प्रश्न. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत प्रत्येक जीर्ण रुग्णास नाडी पाहतानाच विचारावे, 'येत्या दिवसांत कुठे लांब जाणे आहे काय?' उत्तर होकारार्थी आल्यास पुढील गोष्टी पाच मिनिटांत सांगून होतात.

औषध हातपिशवीतच ठेवावे, मोठ्या बॅगेत कदापि नव्हे. विमान वळविले गेले वा रात्र विमानतळावर काढावी लागली तर ती बॅग हाती येईलच असे नाही. प्रवासाच्या दिवसांहून तीन दिवसांचे औषध अधिक द्यावे. आपला औषधकाल बहुधा भोजनाशी बांधलेला असतो. भोजनच सहा तास लांबले तर औषध केव्हा घ्यावे, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. मधुमेही, रक्तदाबाचे, हृद्रोगी व अपस्माराचे रुग्ण आधुनिक औषधे घेत असतील तर तीही जवळ आहेत ना, हे वैद्याने स्वतः विचारावे आणि ती प्रवासापुरती थांबविण्याचा सल्ला चुकूनही देऊ नये. इन्सुलिन वा साखर उतरविणारी गोळी घेतली आणि विमानाच्या विलंबाने जेवण हुकले, तर होणारा घात आपल्या कोणत्याही चूर्णाने सावरण्याजोगा नाही. खडीसाखर त्याच्या खिशात असलीच पाहिजे. प्रयाणाच्या आदल्या रात्री विरेचक देऊ नये. कोठा साफ व्हावा म्हणून दिलेले औषध रांगेत उभे असताना लागू पडले की रुग्ण वैद्याचे नाव निराळ्या अर्थाने काढतो.

आहार-विहाराचे सांगणे तर आपल्या घराघरांत तयार आहे. निघण्यापूर्वी तिळाच्या तेलाचा अभ्यंग आणि उष्णोदकाने स्नान. सोबत डिंकाचा, मेथीचा वा अळिवाचा लाडू, तिळगूळ, दशम्या, सुंठ-गुळाच्या गोळ्या. आजीबाईंची ही शिदोरी हेमंताच्या अग्नीस जितकी अनुकूल, तितकी विमानतळावरील कोणतीही थाळी नाही. विमानतळावर कोमट पाणी मागून घोट घोट प्यावे. नाकपुडीस बोटाने तूप वा तीळतेल लावावे. तासातासाने उठून चालावे. कान व डोके झाकावे. आणि उठण्याची मुभा असेतो वेग अडवू नये, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. संकोचामुळे वृद्ध ते विचारत नाहीत. विलंब ठरावीक तासांपलीकडे गेल्यास खाणेपिणे पुरविणे हे विमान कंपनीवर नियमाने बंधनकारक आहे, मग विलंब हवामानामुळे का असेना. पथ्याचा माणूस ते मागावयास लाजतो. मागावे, हेही सांगावे.

औषधी विक्रेत्या बंधूंना आमची निराळी विनंती आहे. वर्तमानपत्राच्या कागदातील पुडी घरी चालते, विमानतळावर चालत नाही. करड्या रंगाचे निनावी चूर्ण पाहून सुरक्षारक्षक साशंक झाला तर दोष त्याचा नव्हे. प्रवासी रुग्णास उत्पादकाच्या मूळ सीलबंद वेष्टनातील औषध, घटकद्रव्यांचे लेबल व पावती यांसह द्यावे. वैद्यानेही छापील चिठ्ठीवर रुग्णाचे नाव, औषधाचे नाव व मात्रा इंग्रजीत लिहून सही-शिक्का द्यावा. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत बहुतेक ठिकाणी हातपिशवीतील द्रवपदार्थांवर १०० मिलिलिटरची मर्यादा असते. औषधास सवलत मिळते, पण ते औषध आहे हे दाखविता आले पाहिजे. म्हणून काढे व आसवारिष्टांऐवजी शक्य तेथे वटी द्यावी. आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात सहसा येत नाही. हवामानामुळे पुढचे विमान चुकले की प्रवाशास ज्या देशात उतरावयाचेच नव्हते तेथे मुक्काम करावा लागतो. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो, काही कल्पांत भांग असते. काही आखाती देशांचे या द्रव्यांबाबतचे कायदे अत्यंत कडक आहेत. लंडनच्या वाटेवर निघालेला रुग्ण आखातात अडकला, तर आपण दिलेली बाटली त्याच्यासाठी औषध न राहता गुन्ह्याचा पुरावा ठरू शकते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हे काम प्रवासी कंपन्यांचे आहे, वैद्याचे नव्हे. परंतु प्रवासी कंपनीस प्रवाशाची प्रकृती ठाऊक नसते, ती आपणांस ठाऊक असते. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: तीन दिवसांची छोटी वेष्टने ठेवणे विक्रेत्यास परवडत नाही. तो आम्हांस मान्य आहे; उत्पादकांनी यात लक्ष घालावे अशी मागणी संघटनेने अवश्य करावी. तथापि लेबल व पावती देण्यास काही खर्च येत नाही.

येथे एक इशाराही देणे आवश्यक वाटते. या लेखाचा आधार घेऊन कुणी दहा औषधांचा 'हिवाळी प्रवास संच' बांधून विकू लागेल, तर त्यास आमचा विरोध राहील. बहुसंख्य प्रवाशांस लागते ती शिदोरी, कोमट पाणी आणि वेळेवर दिलेला सल्ला. यातील काहीही विकत देण्याजोगे नाही, आणि म्हणूनच ते दिले जात नाही अशी शंका आम्हांस येते. ज्याला खरोखर औषध हवे त्याला ते प्रकृती पाहून द्यावे. भीती घालून औषध खपविणे हा वैद्यकाचा धर्म नव्हे.

संघटनेच्या प्रत्येक शाखेने दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत एका पानाचे सूचनापत्रक तयार करावे, ते मराठीत व मोठ्या टाइपात छापावे, आणि चिकित्सालयाच्या व औषधालयाच्या टेबलावर मार्गशीर्ष लागण्यापूर्वी ठेवावे, अशी आमची सूचना आहे. धुके कुणाला हटविता येत नाही. परंतु धुक्यात अडकलेल्या माणसाच्या पिशवीत काय असावे आणि त्याने काय टाळावे, हे त्याला घरून निघण्यापूर्वी सांगणे आपल्या हाती आहे.