सल्ल्याची फी

गेल्या महिन्यात भाचीने मला तिच्या गुंतवणूक सल्लागाराकडे सोबत नेले. "मामा, तू बँकेत होतास, नुसता बसून राहा," म्हणाली. भिंतीवर 'सेबी'च्या नोंदणीचा दाखला. त्यासाठी 'एनआयएसएम'च्या दोन परीक्षा द्याव्या लागतात. तरुणाने पाऊण तास प्रश्नच विचारले. घराचा हप्ता किती, आईवडिलांचा आरोग्यविमा आहे का, नोकरी गेली तर किती महिने निभेल? मग कागदावर वर्षाची फी लिहून म्हणाला, "याखेरीज मला कुठूनही पैसे मिळत नाहीत."

मला माझी खुर्ची आठवली.

२००७ साली मी शाखाधिकारी होतो. दर सोमवारी वरून फोन यायचा, विम्याच्या पॉलिसी किती झाल्या? अशाच एका सोमवारी एक निवृत्त शिक्षिका मुदत ठेवीचे नूतनीकरण करायला आल्या. मी त्यांना 'युलिप' सुचवली. कर्जाचे प्रकरण मी ओळ न् ओळ तपासत असे, पण पहिल्या हप्त्यातून खर्चापोटी किती कापले जाते ते पान मी स्वतःही नीट वाचले नव्हते. "साहेब, तुम्ही सांगताय म्हणजे चांगलीच असणार," म्हणत बाईंनी सही केली. २००८च्या पडझडीनंतर त्या आल्या. बोलल्या काहीच नाहीत. पासबुक भरून घेतले आणि गेल्या.

नियम नंतर आले. ऑगस्ट २००९पासून म्युच्युअल फंडात शिरतानाच कापला जाणारा आकार 'सेबी'ने बंद केला. २०१०मध्ये युलिपच्या खर्चांना लगाम बसला. सल्लागारांसाठी नोंदणीचे नियम २०१३चे. एकाच ग्राहकाला सल्लाही द्यायचा आणि योजना विकून कमिशनही घ्यायचे, हे २०२०च्या दुरुस्तीने थांबवले. कमिशनवर जगणारा वितरक अप्रामाणिक असतो असे मुळीच नाही. माझ्या ओळखीत फार सचोटीचे वितरक आहेत. पण समोरचा विकतो आहे की सल्ला देतो आहे, हे गिऱ्हाइकाला ठाऊक हवे. बाईंना ते ठाऊक नव्हते. बँकेचा साहेब विक्रेता असू शकतो, हे त्यांच्या स्वप्नातही नसणार.

जिना उतरताना भाची कुरकुरली, "नुसत्या बोलण्याचे एवढे पैसे?" तेव्हा तिला ही हकिकत सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती. एवढ्या कादंबऱ्या लिहिल्या, एकीतही या बाई आलेल्या नाहीत.