दूरचे ऐकणे

रात्री जागून मीडियम वेव्हवर दूरदूरची केंद्रे शोधणे, म्हणजेच 'डीएक्सिंग', हा रिकामपणचा उद्योग समजला जातो. आम्हांला मात्र तो वाचनाचा सख्खा भाऊ वाटतो.

यामागचे विज्ञान साधे आहे. दिवसा आयनावरणाचा खालचा 'डी' थर या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि वरच्या थरांवरून परतलेल्या लहरी शेकडो किलोमीटरवर उतरतात. अमेरिकेतील नॅशव्हिलचे ६५० किलोहर्ट्झवरील डब्ल्यूएसएम हे ५० किलोवॅटचे केंद्र त्यामुळेच रात्री अनेक राज्यांत पोचते. अशा श्रोत्यांचा 'नॅशनल रेडिओ क्लब' तेथे १९३३ साली स्थापन झाला. आपल्याकडे १९५० च्या दशकात घरोघर रेडिओ सिलोन ऐकले गेले, ते गाण्यांसाठी. अंतर ही तेव्हा अडचण होती. या छांदिष्टाला अंतरच हवे असते.

तथापि, 'मी ऐकले' एवढ्याने त्याचे भागत नाही. तारीख, वेळ, वारंवारता, नेमके काय ऐकू आले आणि खरखर किती होती, हे सारे तो केंद्राला लिहून कळवतो. तपशील जुळला, तर केंद्र 'क्यूएसएल' कार्ड पाठवते. न ऐकलेले शब्द अंदाजाने भरणे या छंदात अप्रामाणिकपणाचे ठरते.

आमच्या उत्तरपत्रिकांत नेमके हेच घडत नाही. कवितेतला एकही शब्द न दाखवता तिच्यावरील मत ठामपणे मांडलेले असते. ते बहुधा मार्गदर्शकातून उचललेले असते. तेच केंद्र इंटरनेटवर स्वच्छ ऐकू येत असताना ही यातायात कशाला, असे कोणी विचारील. मजकूर तेथे मिळतो, हे खरेच. पण 'लीळाचरित्रा'चे सुबोध रूपांतर वाचणारा आणि त्याच्या पाठभेदांशी झटणारा, या दोघांच्या हाती सारखेच काही लागते, असे आम्हांला वाटत नाही.

आकाशवाणीनेही गेल्या काही वर्षांत अनेक मीडियम वेव्ह प्रक्षेपक बंद केले आहेत. ही शाळा मिटत चालली आहे. तिची शिस्त तरी राखावी. मत मागण्यापूर्वी विद्यार्थ्याकडून एका पानाचा 'श्रवण-अहवाल' घ्यावा: काय स्पष्ट कळले, काय पुसट राहिले आणि कोठे केवळ अंदाज केला. आस्वादाची चर्चा त्यानंतर सुरू व्हावी.